ट्रायपॉडखालच्या करवंट्या

तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पोरांना एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसवलं, गॅदरिंगचे पडदे रंगवले, फळ्यावरच्या सुविचारांभोवती वेलबुट्टी काढली. दापोली तालुक्यातल्या हर्णैचा समुद्र शाळेपासून सायकलने वीस मिनिटांवर, आणि मी आयुष्यात समुद्राची जी काही चित्रं केली ती कॅलेंडरवरून. २०१९च्या एप्रिलात निवृत्तीचे कागद हातात पडले तेव्हा ठरवलं, आता लँडस्केपला जायचं. रोज.

पहिल्या दिवशी निघालो तो लग्नाच्या वऱ्हाडासारखा. एटीडीच्या, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेच्या, काळातलं सागवानी ईझल (चित्राची घोडी), हाफ इंपीरियल म्हणजे अर्ध्या तावाचा कागद मावेल एवढा बोर्ड, वीसेक ट्यूबा, पाच लिटरचा पाण्याचा कॅन, लोखंडी घडीचं स्टूल आणि मुलाने मुंबईहून आणून दिलेली लाल-पिवळ्या पट्ट्यांची बागेतली मोठी छत्री. कॅन स्कूटरवर पायाशी, ईझल आडवं मांडीवर. आमची ही दारात उभी राहून म्हणाली, "परत येणार आहात ना?"

हर्णैजवळच्या कर्द्याच्या किनाऱ्यावर पोचायला साडेदहा झाले. उजेड झकास होता, म्हणजे मला तेव्हा तो झकास वाटला. छत्री रोवली, ईझल उभं केलं, कागद क्लिपांनी आवळला आणि मोठ्या थाटात आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सोडला. तो खालपर्यंत येईतो ईझलचा मागचा पाय वाळूत चार बोटं गेला होता आणि आकाश डावीकडे वाहून कोपऱ्यात साठलं होतं. पाय उपसून खाली चप्पल ठेवली. मग स्टूल रुतायला लागलं. अकराच्या सुमारास वारा उठला. छत्रीने आधी एक गिरकी घेतली, मग ईझलला कवटाळलं आणि दोघं मिळून आडवी झाली. कॅनचं झाकण उघडं होतं. पाच लिटर पाणी वाळूने एका घोटात प्यायलं. पॅलेटमध्ये वाळू, माझ्या तोंडात वाळू, आणि पन्नास पावलांवर क्रिकेट खेळणारी पोरं, ज्यातली निम्मी माझीच, खेळ थांबवून बघत उभी.

पोरांसमोर उठून जायचं कसं? डब्यात समुद्राचं पाणी भरून आणलं आणि चित्र पुरं केलं.

ते चित्र मी फेकलेलं नाही. पडवीत लावलंय. मे महिन्यात ते बरं दिसतं. मृग लागला की त्यातलं पाणी पुन्हा ओलसर होतं, बोट लावलं तर चिकटतं, आणि दिवाळीपर्यंत तसंच राहतं. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीचं पावसाळ्यात जे होतं तेच चित्राचं झालंय. खारं पाणी वाळलं तरी मीठ कागदात राहतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. त्या चित्रात आणखी एक घोटाळा आहे, तो घरी आल्यावर दिसला. सगळी वाळू शेवाळल्यासारखी हिरवट. तांबड्या-पिवळ्या छत्रीखाली कागद नारिंगी दिसत होता. डोळा पाच मिनिटांत त्याला सरावतो आणि काही कळत नाही. हात मात्र ते नारिंगीपण मारायला निळा नि हिरवा ओतत राहतो.

मग दोन-तीन दिवस नुसताच किनाऱ्यावर जाऊन बसलो, सामान न घेता. वाऱ्याचं गणित शाळेत भूगोलाला असतं. ते मी तीस वर्षं शेजारच्या वर्गातून भिंतीपलीकडून ऐकत आलो होतो. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे, आणि उन्हं चढली, जमीन तापली की समुद्राकडून येतात ते खारे वारे. म्हणजे सकाळी सात ते दहा कागद जागेवर राहतो. मतलई वारा पडलेला असतो आणि खारा अजून उठलेला नसतो, त्या मधल्या तासाभरात तर नारळाची झावळीही हलत नाही. शाळेच्या वहीत लिहिलेलं उत्तर मला साठीला मिळालं.

सकाळचा आणखी एक फायदा हर्णैला. उन्हं पूर्वेकडून डोंगरावरून येतात आणि समोर समुद्रातल्या सुवर्णदुर्गाच्या तटावर पडतात. तटाचा दगड न् दगड वेगळा दिसतो. संध्याकाळी हाच किल्ला सूर्याच्या अल्याड येतो आणि त्याची काळी पट्टी होते. काळी पट्टी काढायला सोपी, म्हणून पर्यटकांच्या भिंतीवर तीच असते.

आता पेटी. हे सगळं प्रकरण त्या पेटीपायी लिहितो आहे म्हटलं तरी चालेल.

मला हवी होती एक अशी पेटी जी ट्रायपॉडवर बसेल, उघडली की झाकण म्हणजे बोर्ड आणि बूड म्हणजे पॅलेट. परदेशी चित्रकार वापरतात. मुलाने मोबाइलवर दाखवली. विकत मागवली तर किंमत अशी की त्यात आमच्या अंगणाची फरशी झाली असती. गावातला सुतार माझाच विद्यार्थी, चित्रकलेत जेमतेम पास. त्याला कागदावर आकृती काढून दिली: आतून बारा बाय सोळा इंच, कारण क्वार्टर इंपीरियल कागद अकरा बाय पंधरा. त्याने आकृती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि म्हणाला, "सर, ही हार्मोनियमची पेटी का?"

पहिली पेटी बारा मिलिमीटरच्या मरीन प्लायची. पाण्याला घाबरायचं नाही म्हणून मरीन, वाकायचं नाही म्हणून बारा. रिकामी सव्वाचार किलो भरली. ट्रायपॉडवर ठेवली की ट्रायपॉड मान टाकायचा. ती मी पावसाळाभर पडवीत ठेवली आणि गणपतीनंतर उघडायला गेलो तर उघडेना. लोखंडी बिजागऱ्यांनी गंज धरून एकमेकींना मिठी मारली होती. सध्या तीत हिचे भरतकामाचे दोरे आहेत.

दुसऱ्या पेटीचं लाकूड आयतं मिळालं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या परसातला फणस पाडून गेलं. दापोली तालुक्यात त्या दिवशी ज्याचं झाड पडलं नाही असं घर शोधावं लागलं असतं. माड, पोफळी, कलमं, रस्त्यावर नुसता खच. फणसाचं लाकूड कापलं तेव्हा आत हळदीसारखं पिवळं. सुतार म्हणाला, "सर, वरीसभर सावलीत राहू द्या, अजून ओलं हाय." मी वर्षभर थांबलो नाही. चार महिन्यांनी पेटी करून घेतली. दिसायला देवघरात ठेवावी अशी. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत तिचं झाकण असं पिळवटलं की बंद करताना एक कोपरा वर राही, त्यातून रंग गळे. शिवाय कागदामागे ती हळदी चौकट असली की पिवळ्याचा अंदाज चुकायचा. सुतार काही बोलला नाही. विद्यार्थी चांगला असला की बोलत नाही.

तिसरी शिवणीची. ही त्याने स्वतःहून सुचवली. शिवण हलकी, वाकत नाही, आणि त्याच्याकडे तीन वर्षं माळ्यावर पडलेल्या फळ्या होत्या. चौकट नऊ मिलिमीटरची, बूड नि झाकण चार मिलिमीटरच्या प्लायचं, बिजागऱ्या पितळी, स्क्रूही पितळी. झाकण हव्या त्या कोनात थांबावं म्हणून एका बाजूला पितळेची पट्टी, तिला लांबट खाच, खाचेत कानाची चाकी, म्हणजे विंगनट. वॉश सोडायचा तर झाकण जवळपास आडवं, बारीक काम करायचं तर उभं, आणि चाकी आवळायला दोन बोटं पुरतात. आतून सगळ्याला पांढरा एनॅमल. वजन एक किलो नऊशे.

ट्रायपॉडवर बसवायची युक्ती मात्र सांगायलाच हवी, कारण त्यावर आमचे दोन रविवार गेले. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू जगभर बहुतेक एकच: पाव इंची, इंचाला २० आटे. हार्डवेअरच्या दुकानातली पाव इंची चाकी त्यावर चढते. आम्ही आधी चाकी बुडाला खालून खोबणीत चिकटवली. पहिल्याच दिवशी ओढ बसून ती निघाली आणि पेटी मांडीवर आली. ती पॅण्ट आता रंगकामाची. मग सुताराने डोकं चालवलं. बुडाला आतून शिवणीचा इंचभर जाडीचा ठोकळा लावला, त्याला आरपार भोक पाडलं आणि दात असलेली टोपीची चाकी वरून, म्हणजे पेटीच्या आतल्या बाजूने, ठोकून बसवली. आता खालून स्क्रू जितका आवळावा तितके तिचे दात लाकडात घुसतात. निघणार कशी? "सर," तो म्हणाला, "चौकटीला पण असंच असतं. ओढ जिकडं, टोपी तिच्या उलट्या बाजूला." चित्रकलेत मी त्याला छत्तीस मार्क दिले होते.

ट्रायपॉड झाला तरी रुतणं होतंच. ईझलच्या लाकडी पायापेक्षा ट्रायपॉडचा पाय बारीक, तो अधिकच खोल जायचा. उपाय स्वयंपाकघरात सापडला. ही नारळ खवत होती आणि करवंट्या उपड्या न ठेवता उताण्या टाकत होती, त्या जमिनीवर डुलत होत्या. ओल्या वाळूत करवंटी उताणी दाबली की ती आपली जागा करून बसते, हलत नाही आणि खालीही जात नाही. त्यातही डोळ्यांच्या बाजूची करवंटी घ्यायची. नारळाला तीन डोळे, त्यातला एक मऊ, ज्यातून कोंब येतो. तो टोकदार खिळ्याने सहज उघडतो आणि ट्रायपॉडच्या पायाचं अणकुचीदार टोक त्यात नेमकं बसतं. एका नारळात अशी एकच करवंटी, त्यामुळे तीन पायांना तीन नारळ. त्या आठवड्यात आमच्याकडे रोज सोलकढी होती. करवंटीच्या कडेला भोक पाडून काथ्याच्या दोरीने ती पायाला बांधून ठेवतो, नाहीतर ओहोटीच्या वेळी कुत्री पळवतात. का पळवतात ते त्यांनाच ठाऊक.

वाऱ्यासाठी वजन लागतं आणि वजन घरून न्यायचं हा शुद्ध मूर्खपणा, हे कळायलाही वेळ लागला. मी सुरुवातीला जांभ्याचा अर्धा चिरा पिशवीत घालून नेत होतो. आता बंदरावरून आणलेला फाटक्या जाळ्याचा तुकडा ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला टांगतो आणि तिथलेच गोटे भरतो. उठताना गोटे जागेवर.

छत्री म्हणाल तर आपली साधी काळी. तिच्याखाली कागदावर कुठलाच रंग उतरत नाही. थोडं उकडतं. पण सावली हवीच, कारण भर उन्हात पांढरा कागद असा चमकतो की आपण रंग गडद करत जातो, आणि घरी आणल्यावर चित्र तिन्हीसांजेचं दिसतं. गॉगल लावून रंगवायचा मोह होतो. तो लावला की तांबड्या छत्रीचीच गोष्ट पुन्हा, फक्त डोळ्यावर. छत्री ट्रायपॉडला बांधायची नाही, ही माझी एकुलती एक ठाम सूचना. वेगळी बांबूची काठी वाळूत हातभर ठोकायची आणि प्लंबर पाइपला लावतात त्या दोन पट्ट्यांनी छत्रीचा दांडा काठीला आवळायचा. वारा आला तर छत्री एकटी जाईल. दोनदा गेली आहे. एकदा पोरांनी आणून दिली, एकदा नाही.

वीस ट्यूबांच्या जागी आता आठ वड्या आहेत. ट्यूबचे उपकार मोठे आहेत, ते मान्यच: १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं, त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पुडीत बांधून न्यावे लागत. पण किनाऱ्यावर ट्यूबचं झाकण म्हणजे वाळूला आमंत्रण. आट्यांत दोन कण गेले की पुढच्या वेळी झाकण दातांनी उघडावं लागतं. म्हणून ट्यूब घरी राहते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात तिच्यातला रंग छोट्या खणांत पिळून वाळवतो. हे काम पावसाच्या आधीच. जूननंतर वडी वाळत नाही, आणि आठ दिवसांत तिच्यावर पांढरी लव येते, कारण रंगातला डिंक बुरशीला आपल्याइतकाच आवडतो. प्रत्येक खणात लवंगेच्या तेलाचा थेंब टाकला की बुरशी कमी धरते. पेटी उघडली की दाढदुखीच्या औषधाचा वास येतो, तो चालवून घ्यायचा.

आठांतला निळा सगळ्यांत कमी संपतो, हे मुंबईकरांना पटत नाही. आमचा समुद्र निळा नाही हो. किनाऱ्याजवळ गाळाचं पाणी, त्यात करडी वाळू. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून जो राखाडी होतो त्यात चिमूटभर यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, की झालं हर्णैचं पाणी. सगळ्यांत आधी संपतो तो लाइट रेड, म्हणजे विटकरी. जांभा दगड, कौलं, मातीचा रस्ता, बंदराकडे उतरणारी पायवाट, सगळं त्याचंच. पण जांभा एका रंगाचा नाही. उन्हाळ्यात तो नुसता लाइट रेड नि थोडं पाणी. पहिला पाऊस पडला की त्याच चिऱ्याची छिद्रं पाणी धरतात, आणि तो जांभळाकडे जातो. मग त्यात अलिझरिन हा गर्द लाल आणि अल्ट्रामरीन. श्रावणात वर शेवाळ. म्हणजे एकाच गडग्याला वर्षात तीन पाककृती.

पाणी घरचंच, दोन लिटर. हळूहळू सामान सगळं मिळून अकरा किलोंवरून पाचांवर आलं, त्यात दोन किलो पाणीच. ते येताना संपलेलं असतं.

आणि भरती. हर्णैला बंदरात खोल पाण्याची सोय नाही. मोठ्या बोटी दूर उभ्या राहतात, मासळी छोट्या होड्यांतून नि बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते. बैल गुडघाभर लाटांत उभे, वर टोपल्यांची उतरंड, मागे सुवर्णदुर्ग. कुणालाही वाटेल की इथेच बसावं. मी बसलो. कलंडलेल्या दोन होड्या छान काढल्या, सावल्या घातल्या, मान वर केली तर त्यातली एक उठून उभी होती. पाणी तिच्याखाली आलं होतं. दुसरी तिच्या नांगराभोवती फिरायला लागली. माझ्या चित्रात नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उजवीकडे, समोर नाळ डावीकडे. मागून आवाज आला, "मास्तर, उठा आता. पानी ढुंगनाला लागल तवा उठनार का?"

मावशी सुकं वाळत घालत होत्या. लिलावाच्या वेळी त्यांचा आवाज कनकदुर्गाच्या दीपस्तंभापर्यंत जात असावा. त्यांनी मला भरतीचं जे गणित सांगितलं ते मी आता पेटीच्या झाकणाला आतून लिहून ठेवलंय. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे भरती, मग साधारण बाराला ओहोटी. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण होड्या कलंडलेल्या पाहिजेत की तरंगत्या, हे घरूनच ठरतं. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा पाणी खूप आत जातं आणि तितकंच खूप वर येतं. तेव्हा मी नेहमीच्या जागेपेक्षा वीस पावलं वर बसतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ती चित्रकाराच्या सोयीची, पाणी फारसं हलत नाही. "आमी घड्याळ कवा बघितलं?" मावशी म्हणाल्या. "कालनिर्नय बघा, त्यात सगलं हाय."

त्या दिवसापासून एक नेम. जे हलतं ते आधी. होड्या, बैल, माणसं पेन्सिलीने दहा मिनिटांत मांडून टाकायची, किल्ला साडेतीनशे वर्षं उभा आहे, तो थांबेल.

पावसाळ्यात बाहेर बसणं नाही, तेव्हा चार महिने पडवी हाच स्टुडिओ. पुस्तकं म्हणतात उत्तरेकडचा उजेड घ्या, तो दिवसभर बदलत नाही. पुस्तकं लिहिणारे आपल्याहून फार वर राहतात. आमच्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे मेअखेरीला भर दुपारी उत्तरेच्या उतारावरून उन्हाचा कवडसा थेट चित्रावर. मी मंगलोरी कौलांतली दोन काढून काचेची कौलं बसवली होती, तिथूनच तो येतो. आता मे महिन्यापुरतं त्यांच्याखाली जुनं पांढरं धोतर ताणून बांधतो. पाऊस सुरू झाला की धोतर काढायचं. ढगांतून झिरपलेला उजेड त्या काचांतून असा सपाट उतरतो की तसा बाजारात विकत मिळणार नाही.

खरी लढाई कागदाशी. चांगला जाड, ३०० जीएसएमचा कॉटन कागद मी पहिल्या वर्षी लोखंडी कपाटात ठेवला होता, पाचशे रुपयांत दोन-तीन ताव यायचे त्या दराने, म्हणजे मास्तराच्या पेन्शनीला झेपेल इतकाच. ऑगस्टमध्ये एक ताव काढून वॉश दिला तर रंग जिथे टेकवला तिथेच आत गेला, टीपकागदावर शाई जाते तसा. कागद वरून पांढराशुभ्र. आतली खळ मात्र ओलीने मेली होती. ओला केल्यावर त्यावर ठिपके दिसायला लागले, देवीच्या व्रणांसारखे. त्या वर्षी सतरा ताव गेले. पुढल्या वर्षी तावांचे क्वार्टर कापून तांदळाच्या पिंपात ठेवले. हिने ते त्याच संध्याकाळी माझ्या उशीवर आणून ठेवले. आता कपाटाच्या तळाशी एक लहान दिवा जून ते सप्टेंबर चोवीस तास चालू असतो. घरोघरी रेशमी साड्यांसाठी हेच करतात, माझ्याच डोक्यात उशिरा आलं. वीज गेली की मी कागदाच्या काळजीने उठतो, ही साड्यांच्या.

चिकटपट्टीचा, पाणी लावून चिकटवायच्या कागदी पट्टीचा, रोल जुलैत स्वतःलाच चिकटून लाकडाचं चाक होतो. लोखंडी क्लिपा कागदावर गंजाची चंद्रकोर उमटवतात. त्यांच्या जागी कपड्यांचे प्लास्टिकचे चिमटे. ब्रश बांबूच्या चटईत गुंडाळून ठेवले तर चटईला बुरशी, म्हणून खिळ्यांना केस खाली करून टांगलेले. एवढं सगळं सोसून पावसाळा देतो काय, तर वेळ. एप्रिलात वॉश सोडला की खालच्या कडेला पोचेपर्यंत वरचा वाळतो. ऑगस्टमध्ये तो अर्धा-अर्धा तास ओला राहतो, त्यात ढग सोडावा, त्यात दुसरा सोडावा, कडा आपोआप विरघळतात. चित्रकार प्रल्हाद धोंडांची समुद्राची जलरंगं विद्यार्थी असताना पाहिली होती, मोजक्या फटकाऱ्यांची, पाण्याने भरलेली. तेव्हा वाटायचं की एवढं पाणी कागदावर उभं कसं राहतं. पडवीत पागोळ्यांच्या आवाजात बसून एक ढग जमला तेव्हा थोडं कळलं. पुढचे सहा जमले नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात पुन्हा हर्णैला बसलो होतो. दशमी होती, दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. भरती होऊन पाणी उतरायला लागलेलं, होड्या अजून तरंगत्या, करवंट्या ओल्या वाळूत गच्च. एका निळ्या होडीचं चित्र बऱ्यापैकी जमत आलं होतं. मावशी टोपली डोक्यावरून उतरवून मागे उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, हे नवल.

"ही आमच्या दिराची होडी."

"बरी आलीय का?"

"दोरी उलट्या अंगाला हाय. आनि नंबर कुटं हाय?"

दोरीचं खरं होतं. मी काढायला बसलो तेव्हापासून होडी फिरली होती. नंबर मी मुद्दामच घातला नव्हता, चित्रात अक्षरं नकोत म्हणून. तसं सांगून पाहिलं. बिननंबरची होडी पोलीस धरतात, असं त्या म्हणाल्या. मग पेटीतून सगळ्यांत बारीक, लांब केसांचा ब्रश काढला, होडीवरचा नंबर त्यांना वाचायला सांगितला, आणि त्यांनी एकेक आकडा लिलावाच्या आवाजात सांगितला तसा नाळेवर घातला. दोन आकडे जरा फुगले. त्या वाकून बघत होत्या तेव्हा त्यांच्या टोपलीतलं पाणी माझ्या चित्रातल्या वाळूवर, म्हणजे खालच्या कोपऱ्यात, टपकलं. तो डाग खारा आहे, तेव्हा येत्या मृगाला तोही ओला होईल.